दगडावरचं अर्धं नाव

ज्या गावाची ही हकीगत आहे त्याचं नाव मी देणार नाही. सारंगखेड्याहून मोटारसायकलवर ऊन चढायच्या आत जाऊन येता येतं, एवढं पुरे. तिथले सदस्य सुरुवातीला जसे वागले तसे आपल्या भागातल्या कुठल्याही गावचे वागले असते. नंतर त्यांनी जे केलं ते मात्र मी फार थोड्या गावांत पाहिलं आहे. नाव छापलं तर लोक पहिलं तेवढं लक्षात ठेवतील, म्हणून नको.

मी बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. सारंगखेड्यात घर आहे, थोडी शेती आहे. नोव्हेंबर उजाडला की आसपासचे माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा हयातीच्या दाखल्यासाठी माझ्याकडे येतात, कारण पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून ते काम ऑनलाइन करावं लागतं आणि म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. 2023 च्या नोव्हेंबरात त्या गावचे एक आबा आले. सत्तरी ओलांडलेले. त्यांचा थोरला भाऊ 1971 च्या लढाईत कामी आला. भावजय वारल्यावर पेन्शनही थांबली होती, त्यामुळे दाखल्याचं काही काम नव्हतं. त्यांनी नातवाचा मोबाइल पुढे केला. पडद्यावर काळ्या ग्रॅनाइटच्या शिलाफलकाचा फोटो होता.

“आमना बापनं नाव कथा गयं, फौजी?” बापाचं नाव कुठे गेलं, एवढंच त्यांनी विचारलं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘माझी माती, माझा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक उभे राहिले होते. स्वातंत्र्यसैनिक, सैन्यात आणि निमलष्करी दलांत कामी आलेले जवान, कर्तव्यावर मृत्यू आलेले पोलीस, अशांची नावं त्यावर कोरायची होती. ही कल्पना मला मनापासून आवडली होती. पण 9 ऑगस्टला मोहीम सुरू, आणि 15 ऑगस्टच्या झेंड्याआधी दगड उभा पाहिजे. त्या गावाने यादी फोनवर सांगितली, दुकानदाराने संगणकावर टाइप केली, दगड आला, फोटो काढून वर पाठवला. त्यात आबांच्या भावाचं नाव होतं आणि आडनाव होतं. मधलं, वडिलांचं नाव नव्हतं.

शहरातल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. पण आमच्याकडे निम्मं गाव पाटील. त्या नावाचे आणि आडनावाचे चार जण आज त्या गावात हयात आहेत. एक वायरमन आहे, एक पपईचा व्यापार करतो. शाळेतलं पोर तो फलक वाचून उद्या विचारेल, हा कोण? फौजेत वडिलांच्या नावावाचून अडत नाही, कारण तिथे प्रत्येकाला नंबर असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, 25 फेब्रुवारी 2019 ला लोकार्पण झालं तेव्हा, पंचवीस हजारांहून जास्त नावं दगडात कोरलेली होती. त्यांच्यासोबत हुद्दा आणि पलटण आहे. तिथे तेवढं पुरतं. गावात नंबर कुणाला ठाऊक नसतो. गावात माणूस ओळखला जातो तो अमक्याचा मुलगा म्हणून. बापाचं नाव गेलं की गावापुरता तो जवानच गेला.

मी आबांसोबत गेलो. शिलाफलक शाळेच्या आवारात होता. पण मला अस्वस्थ केलं ते बसथांब्याजवळच्या जुन्या स्तंभाने. लढाईनंतर काही वर्षांनी गावाने लोकवर्गणी काढून ओटा बांधला, त्यावर दगडी खांब उभा केला. आता त्या खांबाच्या चारी अंगांना तारा आवळलेल्या होत्या. वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडीच्या अभिनंदनाचे फ्लेक्स, दत्तजयंतीच्या यात्रेला शुभेच्छा देणारे फ्लेक्स. तारेने एका कोपऱ्याचा कपचा उडवला होता आणि गंजाचा तांबडा ओघळ खालपर्यंत आला होता. ओट्याच्या मागच्या बाजूला गुटख्याच्या पिचकाऱ्या. समोरच्या बाजूला अक्षरं असल्याची फक्त शंका येत होती. दर स्वातंत्र्यदिनाला चुना, कधी ऑइल पेंट, मग पुन्हा चुना, असं करत कोरलेली अक्षरं बुजून गेली होती. ज्यांनी रंग दिला त्यांनी भक्तीनेच दिला होता.

आम्ही सरपंचांना भेटलो. माणूस सौजन्याने बोलला, चहा दिला, “बघू ना बापू, करून टाकू,” म्हणाला. मग एकेका सदस्याला गाठलं. खांब दोन वॉर्डांच्या शिवेवर, त्यामुळे दोघांनीही तो दुसऱ्याचा म्हटला. तिसऱ्याच्या मते रस्त्याकडेची जागा बांधकाम खात्याची. चौथा म्हणाला, निधी असेल तर माझी ना नाही. सप्टेंबरात तापीला पूर येऊन सारंगखेड्याच्या पुलाचा भराव खचला होता, वाहतूक लांबून फिरत होती, उसाची वाहनं कुठून जाणार याची सगळ्यांना काळजी होती. त्या दिवसांत गावच्या सदस्याला सकाळपासून कोण भेटतं हे मी ओट्यावर बसून पाहिलं आहे. घरकुलाचा हप्ता अडकलेला, नळाला पाणी नसलेला, गटार तुंबलेली. हे सगळे मतदार आहेत, रोज भेटणारे आहेत. खांबाचा मतदार कुणीच नाही. तेव्हा हे लोक निष्ठुर आहेत असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्यापुढे आमचा विषय ज्या रूपात जात होता त्या रूपात त्यांना करण्यासारखं काही हाती लागत नव्हतं.

ते रूप मला दाखवलं ग्रामसेवकांनी. आमचा अर्ज त्यांनी आवकला घेतला, पोच दिली आणि शांतपणे म्हणाले, “याची नोंद कुठे आहे?” कपाटातून स्थावर मालमत्तेची नोंदवही काढली. समाजमंदिर होतं, व्यायामशाळा होती, पाण्याची टाकी, स्मशानभूमीतलं शेड, सगळं होतं. स्तंभ नव्हता. तो लोकांनी बांधला, लोकांनीच कुणाच्या नावावर न करता सोडून दिला. जी मालमत्ता ग्रामपंचायतीच्या वहीत नाही तिच्यावर ग्रामपंचायत खर्च कसा दाखवणार? लेखापरीक्षणात पहिला शेरा तोच येईल. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता; अबंधित भागातून गावाच्या गरजेचं काम घेता येत होतं, पण तेही आराखड्यात असावं लागत होतं. इतकी वर्षं हार घालणाऱ्या गावाने त्या खांबाला कागदावर जन्मच दिला नव्हता.

माझ्या काही माजी सैनिक मित्रांचं म्हणणं होतं, माहिती अधिकार टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागेल, मग वर्तमानपत्रात देऊ. मी नको म्हटलं, आणि आजही माझं मत तेच आहे. माहिती अधिकाराने कागद मिळतो. इथे मागायचा असा कागद दप्तरात नव्हताच. तो सदस्यांनी हात वर करून तयार करायचा होता. ज्याचा हात हवा त्याला आधी नोटीस देऊन काय साधणार?

पुढे ठरलं, 26 जानेवारीची ग्रामसभा धरायची. ज्यांना असलं काम करायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आमचा विषय “ऐनवेळच्या विषयात घेऊ” असं मला दोनदा सांगण्यात आलं. ऐनवेळचे विषय म्हणजे लोक उठून जायला लागलेले असतात तेव्हाचे विषय. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं लागतात, त्यांतली जेमतेम उरलेली असतात, आणि “चर्चा झाली” एवढीच नोंद प्रोसिडिंगमध्ये होते. मी आग्रह धरला की सभेच्या नोटिशीत, विषयपत्रिकेवर, आकडा घालून विषय यावा. तो आला, शेवटून दुसरा.

आणि पुरावा? एका सदस्याने रास्त प्रश्न विचारला होता. वडिलांचं अमुक नाव होतं हे आबा सांगतात, पण दगडावर कोरायचं तर कागद पाहिजे. फौजेचे कागद भावजयीबरोबर कुठे गेले ते आबांना माहीत नव्हतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पत्र दिलं. उत्तराची वाट पाहत असताना मला जुन्या खांबाची आठवण झाली. ज्यांनी वर्गणी काढून तो उभा केला त्यांनी पूर्ण नाव कोरलं असणार. आम्ही रात्री खांबाला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं. सकाळी बांबूची चीप घेऊन मी आणि आबांचा नातू बसलो. लोखंड लावायचं नाही, असं त्याला बजावलं होतं. ओला चुना पापुद्र्यांनी सुटत गेला. खाली निळसर ऑइल पेंट, त्याखाली पुन्हा चुना, मग दगड. अक्षरं डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला लागली. नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. खाली पलटण, तारीख. ‘ग्रामस्थ’ या शब्दावर सगळं संपत होतं; कुणा देणगीदाराचं किंवा पुढाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं. थांब्यावर बससाठी उभी असलेली माणसं जवळ आली. आबा वाचू शकत नव्हते, डोळ्यांना पडदा आलेला. नातवाने त्यांचं बोट धरून त्या मधल्या ओळीवरून फिरवलं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा असते. कायद्यात ती आहे; किती गावांत खरोखर भरते हा भाग वेगळा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण मासिक सभेत त्यांच्या वतीने बऱ्याचदा यजमान बोलतात. महिला सभेला यजमान नसतात. आबांची पुतणी तिथे गेली आणि तिने विषय काढला. एका सदस्य ताईंनी तो उचलला, पण माझ्या डोक्यात नव्हता अशा बाजूने. त्या म्हणाल्या, बाजारच्या दिवशी आम्ही त्या ओट्याजवळ तासतास बसची वाट पाहतो. तिथे बसायची सोय नाही, दिवा नाही, आणि माणसं तिथेच थुंकतात. तो ओटा नीट करा, दिवा लावा, चारी बाजूंनी बसायला कट्टा करा, म्हणजे जवानाचा मानही राहील आणि आम्हालाही टेकता येईल.

ही सूचना ऐकून माझे दोन जुने सोबती नाराज झाले. स्मारक म्हणजे काय बसस्टँड आहे का, असं त्यांचं म्हणणं. मला ताईंचं पटलं. नंदुरबारला माणिक चौकात शिरीषकुमारचं स्मारक आहे. 9 सप्टेंबर 1942 ला गोळ्या झेललेल्या त्या शाळकरी पोराचं आणि त्याच्या चार सोबत्यांचं नाव आजही सगळ्या गावाच्या तोंडी आहे. त्यात स्मारक भर वस्तीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत असण्याचा वाटा मोठा आहे. उलट तळोद्याकडच्या रावलापाणीला 2 मार्च 1943 ला इंग्रजांनी आदिवासींवर गोळीबार केला, तिथल्या खडकांत गोळ्यांच्या खुणा आहेत, पण जिल्ह्याबाहेर विचारा, किती जणांना ठाऊक आहे? 1980 च्या दशकात राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली, चांगल्या दगडी इमारती. ज्या गावांत तिथे वाचनालय चाललं, पोरं अभ्यासाला बसली, तिथली टिकली. जिथे पवित्र म्हणून कुलूप लागलं तिथे गवत वाढलं. लोक बसतात तिथे दगड जगतो. मी मित्रांना हेच सांगितलं. एकाला पटलं, एकाला अजून नाही.

ग्रामसभेत एका तरुणाने विचारलं, एका नावासाठी एवढा खर्च? प्रश्न वाईट हेतूने नव्हता. नोकरीत मी खडकीला होतो तेव्हा तिथल्या युद्ध दफनभूमीत जायचो. महायुद्धात मेलेल्यांच्या कबरी. प्रत्येक दगडावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि गवत असं कापलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. पण त्या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने 2021 मध्ये स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या हजारो हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना गोऱ्यांच्या बरोबरीने स्मरलं गेलं नाही. किमान एक लाख सोळा हजार जणांची नावंच कुठे कोरली गेली नाहीत. त्यांच्या माफीनंतरही ती नावं परत मिळणं कठीण, कारण लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. हे मी सभेत सांगितलं आणि म्हटलं, आपल्याकडे नाव सांगणारा सख्खा भाऊ समोर बसला आहे, दगडावर पुरावा आहे, मग आपण का थांबायचं? त्या तरुणानेच ठरावाला अनुमोदन दिलं. सूचक त्या ताई होत्या, आणि त्या दिवशी त्या स्वतः उभ्या राहून बोलल्या.

ठरावात तीन गोष्टी होत्या. स्तंभाची मालमत्ता नोंदवहीत नोंद. ओटा, कट्टा आणि दिव्याचं काम आराखड्यात. आणि स्तंभावर वा कट्ट्यावर कोणाचाही फ्लेक्स बांधायचा नाही. पहिल्या दोन्हींवर एकमत पाच मिनिटांत झालं. तिसऱ्यावर सभा गप्प झाली. मालमत्तेच्या विद्रूपणाला बंदी घालणारा राज्याचा 1995 चा कायदा आहे, पण गावात कायदा कोण कुणाला दाखवणार? फ्लेक्स असतात सदस्यांचे, त्यांच्या नेत्यांचे, नेत्यांच्या मुलांचे. एखाद्याचा काढला की तो राजकारणाचा विषय होतो. ठराव लिहिला गेला, फ्लेक्स राहिले.

मग 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. कामाचे आदेश थांबले, याचं मला दुःख झालं. पण त्याच आचारसंहितेमुळे गावातले सगळे फलक सरकारी माणसांनी उतरवले. नंदुरबारचं मतदान 13 मेला. तोवर, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, तो खांब मोकळा उभा होता आणि त्यावरची आम्ही उघडी केलेली अक्षरं थांब्यावरच्या प्रत्येकाला वाचता येत होती. शाळेची पोरं वाचायची. जूनमध्ये आचारसंहिता उठली. पहिला फ्लेक्स कुणाचा येणार याकडे माझं लक्ष होतं. आला तो एका सदस्याच्याच वाढदिवसाचा, त्याच्या मित्रांनी लावलेला. त्या सदस्याने दुपारी स्वतः येऊन तारा कापल्या आणि फ्लेक्स समोरच्या टपरीमागे नेऊन टाकला. त्याला मी काही म्हटलं नव्हतं. त्याच्या आईने म्हटलं होतं, असं नंतर कळलं. त्यानंतर कुणी तिथे तार बांधायला धजावलं नाही.

काम पावसाच्या उघडिपीत झालं. कट्टा झाला, शहाबादी फरशी बसली. गंजलेल्या ओघळाचा डाग पूर्ण गेला नाही. रंगाऱ्याला खांबाला हात लावू दिला नाही. सदस्य ताईंनीच तिथे उभं राहून लक्ष ठेवलं. कट्ट्याच्या दर्शनी बाजूला एक छोटा नवा दगड बसवला, त्यावर नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण आणि तारीख. एव्हाना सैनिक कल्याण कार्यालयाकडून माहिती आली होती, ती आणि खांबावरची अक्षरं जुळली. 15 ऑगस्ट 2024 ला झेंड्यानंतर सरपंचांनी आबांकडून तिथे हार घालून घेतला.

दिवा मात्र अजून नाही. खांबापर्यंत वायर ओढायची तर रस्ता ओलांडावा लागतो आणि ती परवानगी अडली आहे. शाळेतल्या शिलाफलकावरचं नावही अजून अर्धंच आहे. तो नमुना वरून ठरलेला, त्यात बदल करायचा तर वर विचारावं लागेल, असं तालुक्याला सांगितलं गेलं. सरपंचांनी तसं पत्र पाठवलं आहे आणि त्याची जावक नोंदीची प्रत माझ्याकडे आहे.

मध्यंतरी त्या सदस्य ताईंचा फोन आला. त्यांच्या माहेरच्या गावीही असाच एक खांब आहे, पासष्टच्या लढाईतल्या जवानाचा, आणि तिथल्या नोंदवहीतही तो नाही. तिथल्या सदस्यांशी त्या स्वतः बोलल्या आहेत. अर्ज कसा लिहायचा ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आधी नोंदीची मागणी करा, खर्चाची नंतर. विषय नोटिशीत आकडा घालून येऊ द्या. आणि त्या जवानाच्या वडिलांचं नाव अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.